गावानं तेव्हा काय केलं?

सिंहस्थ जवळ आला की नाशिकला आपला इतिहास आठवायला लागतो. घाटांची डागडुजी होते, उड्डाणपुलांच्या खांबांवर चित्रं चढतात, आणि पाठोपाठ माहितीफलक, स्मरणिका, गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिका येतात. २०२७ च्या सिंहस्थातही हे होईल. त्या फलकांवर कोण असेल हे आजच सांगता येतं. प्रभू रामचंद्र पंचवटीत राहिले, शूर्पणखेचं नाक इथे कापलं गेलं. तिथून एकदम सावरकर, जन्म भगूर. तात्या टोपे, जन्म येवला. न्यायमूर्ती रानडे, जन्म निफाड. दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वर. शेवटी कुसुमाग्रज. तिथे मात्र यादी करणाऱ्याची जरा पंचाईत होते, कारण ते जन्मले पुण्यात.

यादीत खोटं काही नाही. माझी तक्रार एवढीच की ती वाचून नाशिकबद्दल काही कळत नाही. कोण कुठे जन्मलं यात पराक्रम असेलच तर तो त्या माउलीचा. गावानं त्यासाठी मिशीला पीळ भरायचं कारण नाही. गावाचा इतिहास समजून घ्यायचा तर विचारावं लागतं की इथे काही घडलं तेव्हा या गावानं काय केलं? कोण पुढे आलं, कोणी दार लावून घेतलं, कोणी पैसे घातले, कोण गप्प बसलं? येत्या वर्षात या शहराबद्दल सार्वजनिक पैशातून जे काही लिहिलं, रंगवलं, कोरलं जाईल, त्यात या प्रश्नाचं उत्तर असावं. ऐकायला हे मागणं साधं वाटतं. प्रत्यक्षात ते बऱ्याच जणांना नकोसं होईल.

येवल्यापासून सुरुवात करू. तात्या टोपे १८१४ मध्ये येवल्यात जन्मले. वडील दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी, त्यामुळे मूल लहान असतानाच कुटुंब ब्रह्मावर्ताला गेलं. पुढचं सगळं कानपूर, काल्पी, ग्वाल्हेर आणि १८५९ मध्ये शिप्रीचा फास. या साऱ्यात येवल्यानं काही केलं नाही, आणि काही करायची संधीही येवल्याला मिळाली नाही. त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. पैठणीच्या मागांचं हे गाव. मुंबई-पुणे सोडून ही घोषणा नाशिक जिल्ह्यात का झाली? याचं उत्तर येवल्यात सापडत नाही. त्यासाठी पंचवटीत काळारामाच्या पूर्व दरवाजाशी यावं लागतं. आमच्या यादीत मात्र येवल्यासमोर ठळक अक्षरात तात्या टोपे असतात आणि १९३५ ची परिषद ‘हेही पाहा’मध्ये जाते.

काळारामाचं देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलं. काळ्या पाषाणाचं भरभक्कम काम, चारी बाजूंनी कोट, चार दरवाजे. फलकावर हे सगळं असतं: दगड कुठला, खांब किती, खर्च किती. २ मार्च १९३० चा उल्लेख असला तर एका ओळीचा, ‘डॉ. आंबेडकरांनी येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला’. या एका ओळीत गाव कुठेच दिसत नाही. जणू बाबासाहेब मुंबईहून आले, सत्याग्रह केला आणि परत गेले.

घडलं ते असं. दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस होते. नाशिकला परिषद भरली आणि २ मार्चला हजारोंची मिरवणूक शिस्तीत देवळावर आली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटावर गेली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारी दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. देऊळ आतून बंद, बाहेर पोलीस, आणि दारात ही माणसं भजनं म्हणत बसलेली. हा सारा पसारा चालवणारी समिती नाशिकची होती. तिचे चिटणीस भाऊराव कृष्णराव गायकवाड, म्हणजे दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, तेव्हा सत्तावीस वर्षांचे. स्वयंसेवक जमवणं, त्यांच्या भाकरीची सोय, अटक झालेल्यांची घरं सांभाळणं, बाबासाहेबांना मुंबईला पत्रं पाठवणं, हे काम एकदोन दिवसांचं नव्हतं. ते वर्षानुवर्षं चाललं.

महिनाभरानं, ९ एप्रिलला, रामाचा रथ निघायचा होता. तडजोड अशी ठरली की स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढायचा. ऐन वेळी रथ भलत्याच वाटेनं पळवण्यात आला. दगडफेक झाली, डोकी फुटली, पोलिसांचं कडं तोडणारे भास्करराव कद्रेकर रक्तबंबाळ होऊन पडले. तडजोडीसाठी भरलेली नागरिकांची सभाही गोंधळात उधळली गेली. पुढे खेड्यापाड्यांतल्या अस्पृश्यांना याची किंमत मोजावी लागली: रस्ते बंद, दुकानातून माल नाही, पोरं शाळेतून बाहेर. मंदिर कित्येक महिने बंद राहिलं. देवालाही कोंडून घ्यावं, पण दार उघडू नये, इतका हट्ट. सत्याग्रह रेटत रेटत १९३४ पर्यंत गेला. त्या वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून तो थांबवायला सांगितलं. दारं उघडली नव्हती. दीड वर्षानं येवल्याची घोषणा झाली. अस्पृश्यांना मंदिरप्रवेशाचा हक्क मिळाला तो १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानं. आम्ही नाशिककरांनी तो आपणहून दिला नाही.

हे फलकावर लिहा म्हटलं की लगेच उत्तर येतं: झालं गेलं गंगेला मिळालं. गोदावरीलाच गंगा म्हणणाऱ्या या गावात ते उत्तर फारच सोयीचं आहे. जुनी मढी कशाला उकरायची, लोक दर्शनाला येतात, त्यांना कशाला दगडफेक वाचायला लावायची, आता सगळे मिळून-मिसळून राहतात ना. यातलं शेवटचं वाक्य मी गंभीरपणे घेतो, कारण ते काही अंशी खरं आहे. पण ते खरं कसं झालं, हे सांगायचं तर आधी १९३० सांगावंच लागतं. १९५७ मध्ये याच नाशिक मतदारसंघातून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून गेले. देवळाच्या पायरीवर अडवलेला माणूस सत्तावीस वर्षांनी गावाचा खासदार होतो, ही नाशिकच्या इतिहासातली अभिमानानं सांगण्यासारखी गोष्ट आहे. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, हे मान्य. तरी मतं नाशिकच्याच लोकांनी दिली. मात्र पहिला अर्धा भाग झाकून ठेवला तर दुसऱ्या अर्ध्या भागाला काही वजनच राहत नाही. मग दादासाहेब म्हणजे भाभानगरातल्या सभागृहाचं नाव, जिथे आपण प्रदर्शनं पाहायला जातो.

आणि गाव म्हणजे नुसते दगड मारणारेही नव्हेत. १९३२ मध्ये सत्याग्रहात सामील झालेल्यांत एक वीस वर्षांचा ब्राह्मण तरुण होता, विष्णू वामन शिरवाडकर. कुसुमाग्रज नाशिकचे का, याचं माझ्या मते हे सगळ्यात चांगलं उत्तर आहे. ज्ञानपीठ १९८७ चं; त्याच्या कितीतरी आधी हा माणूस त्या दाराशी गेला होता. जन्म पुण्याचा असला म्हणून काय बिघडलं? पण टिळकवाडीतल्या त्यांच्या निवासस्थानाकडे जाणाऱ्या किती पर्यटकांना आपण हे सांगतो? त्या पंचवीस स्त्रियांपैकी किती जणींची नावं नाशिकच्या शाळेत शिकलेल्या मुलाला सांगता येतील? एकीचं तरी?

जॅक्सन प्रकरणात अडचण वेगळी आहे. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी कोणाला ठाऊक नाही. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, कलेक्टर जॅक्सन बदलीवर निघालेला म्हणून निरोपाचं नाटक, आणि कोवळ्या वयातल्या अनंत कान्हेऱ्यांच्या पिस्तुलाच्या गोळ्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. गोल्फ क्लबच्या मैदानाला आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात. रणजीचे सामने होतात तेव्हा हे नाव वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर येतं. हे नाव दिलं ते योग्यच केलं. पण मैदानाबाहेर कोणीही विचारलं नाही असा एक प्रश्न उरतो. ज्याचा वध झाला त्या कलेक्टरला निरोप द्यायला गावातली प्रतिष्ठित मंडळी नाटक का ठेवत होती?

कारण जॅक्सनची दोन तोंडं गावानं पाहिली होती. तो संस्कृताचा जाणकार होता, इतिहास आणि लोककथांचा अभ्यासक. त्यानं जमवलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांची पुस्तकं त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. लोक त्याला पंडित म्हणत. आणि याच जॅक्सननं सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांचा खटला पुढे पाठवला होता. बाबारावांचा गुन्हा काय, तर कवी गोविंदांची गाणी छापली. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची. कवी गोविंद म्हणजे आबा दरेकर, पायांनी अधू, तिळभांडेश्वर गल्लीच्या परिसरात वाढलेल्या मित्रमेळ्याचे, म्हणजे सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेचे कवी. त्यांची गाणी गल्लीबोळांत, गणेशोत्सवात म्हटली जात. बाबाराव अंदमानात गेल्यावर त्यांच्या पत्नी येसूवहिनींच्या वाट्याला घराची जप्ती आणि पाहुण्यारावळ्यांची पाठ आली. तरुणींना एकत्र आणणारा आत्मनिष्ठ युवती संघ त्यांनी चालवला होता. त्या १९१९ मध्ये वारल्या, पतीची भेट न होताच.

हे सगळं एका फलकावर मावणार नाही, कबूल. पण जो फलक निरोपाच्या समारंभाबद्दल अवाक्षर काढत नाही, तो कान्हेऱ्यांचंही भलं करत नाही. ज्या गावात प्रतिष्ठित लोक हार घेऊन उभे आहेत तिथे पिस्तूल घेऊन जाणं, यातली जोखीम वाचणाऱ्याला कळतच नाही. गावानं एकमुखानं क्रांतिकारकांना साथ दिली असं चित्र रंगवलं की उरलेल्या गोष्टी आपोआप खोट्या पडतात: पुढचा नाशिक कट खटला, धरपकडी, माफीचे साक्षीदार, गप्प राहिलेले शेजारी. गाव दुभंगलेलं होतं. नाशिकच कशाला, त्या काळी कुठलंही गाव तसंच होतं.

आता कोणी म्हणेल, इतकं बारीक कोण लिहितं दगडावर? उत्तर नाशिकातच आहे, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरावर. पांडवलेणी म्हणा की त्रिरश्मी लेणी म्हणा. तिथले लेख दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशिकचा हिशेब मांडतात, आणि तो आमच्या स्मरणिकांपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात दहाव्या लेण्यात लिहून ठेवतो की त्यानं भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव दिली. दोन हजार गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, पाऊण टक्क्यानं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. आकडेमोड आजही जुळते. गंगापूरजवळचं गोवर्धन ते हेच, जिथून आपण आज धरणाकडे फिरायला जातो. तिथले विणकर तेव्हा राजाच्या जावयाच्या ठेवी सांभाळत होते. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाची उपासिका आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी पैसे ठेवते. ते कोणाकडे, तर कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेण्यांकडे.

आठवं लेणं मुगुदास नावाच्या कोळ्यानं सहपरिवार दिलेलं आहे. सतरावं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचं दान धंभिक गावानं, म्हणजे अख्ख्या गावानं मिळून दिलं. राजमाता गौतमी बलश्रीचा लांबलचक, पुत्राच्या गौरवाचा लेख तिसऱ्या लेण्यात आहेच. पण त्याच्याच आसपास मला सगळ्यात आवडणारा एक लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णी आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्याला कळवतात की पूर्वी भिक्षूंना कखडी गावातलं शेत दिलं होतं. पण ते शेत कोणी कसत नाही आणि ते गावही ओस पडलं आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या शेतातली शंभर निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) द्यावीत. सरकारी निर्णय फसला, तो बदलला, आणि दोन्ही गोष्टी दगडात कोरल्या! सातवाहनांच्या राजाला यात कमीपणा वाटला नाही. आमच्या नगरसेवकांना का वाटावा?

या लेखांमुळे दोन हजार वर्षांपूर्वीचं नाशिक आपल्याला माणसांचं गाव म्हणून दिसतं. विणकर, कोळी, तेली, कुंभार, परदेशी, बायका, राजघराणं, सगळे आपापल्या कामासकट. आणि गेल्या शंभर-दीडशे वर्षांचं नाशिक, ज्याची कागदपत्रं, वर्तमानपत्रं, छायाचित्रं, अगदी प्रत्यक्षदर्शींच्या पोरानातवंडांच्या आठवणी उपलब्ध आहेत, ते मात्र पाच-सहा अर्धपुतळ्यांचं.

फाळक्यांचंच घ्या. पहिला चित्रपट १९१३ मध्ये मुंबईत दाखवून झाल्यावर ते बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले, ही नाशिकची गोष्ट. त्र्यंबकचा जन्म ही कुलवृत्तान्तातली नोंद. इथल्या घाटांवर, वाड्यांत, डोंगरांवर चित्रीकरण झालं. इथे आल्यावर काढलेल्या पहिल्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, भारतीय चित्रपटातल्या पहिल्या स्त्रिया. घरंदाज बाई नाटकातही उभी राहत नव्हती त्या काळी! घरच्या आघाडीवर सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडण्यापासून कंपनीच्या पंगतींपर्यंत सगळं ओढत होत्या. पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, आणि नाशिक हे काही वर्षं खरोखरच चित्रपट बनवणारं गाव होतं. न्हावी, शिंपी, सुतार, पेंटर, पौराणिक सैन्यात भाला धरून उभे राहिलेले मोलमजूर. यातल्या एकाचंही नाव आपल्या फलकावर नाही. १९४४ मध्ये फाळके इथेच वारले. तोवर कंपनीची झळाळी गेली होती आणि सिनेमा बोलायला लागून बरीच वर्षं झाली होती.

किंवा नाशिकरोडच्या प्रेसचं. १९२५ पासून इथे देशाची तिकिटं, स्टॅम्पपेपर, पुढे नोटा छापल्या गेल्या. तीन-तीन पिढ्या प्रेसमध्ये गेलेली घरं नाशिकरोड-जेलरोडला पावलोपावली आहेत. शिफ्टच्या भोंग्यावर घराचं वेळापत्रक लावणारी माणसं. शहराचा अर्धा मध्यमवर्ग त्या पगारावर उभा राहिला. थोर व्यक्तींच्या यादीत त्यांना जागा नाही, कारण एकटादुकटा कोणी थोर नव्हता. १९८० मध्ये कांदा आणि उसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा रस्ता अडवला, तेव्हा शरद जोशींचं नाव देशभर झालं. रस्त्यावर बसलेले निफाड-चांदवडचे शेतकरी आज सत्तरीत आहेत आणि त्यांना कोणी विचारायला जात नाही. ६ मार्च २०१८ ला सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून निघालेले सुरगाणा, पेठ, दिंडोरीचे आदिवासी शेतकरी तर अजून आपल्यात आहेत. मुंबईपर्यंत साधारण १८० किलोमीटर चालले, आणि दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून शेवटच्या रात्री न थांबता आझाद मैदान गाठलं. त्या चौकात याची साधी पाटी नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की हे सगळं अभिमान वाढवण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी चाललंय. दोन्ही नाही. विस्मरणाची किंमत कधीकधी रोकडी असते. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं मेली. बहुतेक बाहेरगावची, म्हणून त्यांच्यासाठी इथे रडायला कोणी नव्हतं. त्या जागी काही नाही. पुढच्या सिंहस्थात पोलिसांनी भाविकांचे मार्ग लांबून फिरवून आखले, तेव्हा व्यापाऱ्यांनी आणि भाविकांनीही कुरकुर केली की एवढा वळसा कशाला. बारा वर्षांत गाव ते विसरलं होतं. २०२७ मध्ये त्या गल्ल्या तितक्याच अरुंद असतील. तिथे एक दगड असता, तारीख आणि आकडा घेऊन, तर बॅरिकेडवरच्या हवालदाराला वाद घालावा लागला नसता.

पाण्याच्या बाबतीत गाव इतकं विसराळू नाही, हे विशेष. गोदेला पूर आला की लोक दुतोंड्या मारुतीकडे पाहतात: पाणी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. १९६९ चा पूर आणि २००८ चा पूर भांडी बाजारात आणि सराफात आजही कोणत्या पायरीपर्यंत आला ते बोट ठेवून दाखवतात. नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की सारं गाव जागं, अशी जुनी माणसं सांगतात. पुराच्या खुणा जपणारं गाव माणसांच्या गर्दीच्या, दगडफेकीच्या, बहिष्काराच्या खुणा का जपत नाही? पुरात दोष कोणाचा नसतो, म्हणून असेल.

खरी अडचण मला ठाऊक आहे, आणि ती मी झटकत नाही. सार्वजनिक इतिहास हा आपल्याकडे वाटणीचा विषय झाला आहे. प्रत्येक समाजाला आपला महापुरुष, प्रत्येक महापुरुषाला चौक, प्रत्येक चौकाला पुतळा, आणि पुतळ्याच्या उंचीवरून भांडण. अशा हवेत ‘खरं लिहा’ म्हणणं म्हणजे नव्या भांडणाला आमंत्रण. काळारामाच्या दाराशी दगड कोणी मारले हे लिहिलं की कोणाची तरी नातवंडं दुखावणार. माणसाचं नाव घालून त्याच्या वंशजांना आज जबाबदार धरणं मलाही मान्य नाही. पण नावं न घेताही घटना पुरती सांगता येते. रथ पळवला गेला. दगड मारले गेले. दार चार वर्षं अस्पृश्यांसाठी उघडलं नाही. यात कोणाची नातवंडं नाहीत. यात गाव आहे. आणि खरं सांगायचं तर पुतळा हा प्रकारच मला या कामाला निरुपयोगी वाटतो. पुतळा माणूस उभा करतो, प्रसंग उभा करत नाही. गावाला हवेत प्रसंगांचे दगड.

त्यासाठी समिती नेमून निवृत्त प्राध्यापकांकडून मजकूर लिहून घेतला की झालं, असंही नाही. तो मजकूर फलक लागल्यावरच लोकांना कळतो, आणि मग ‘अवमान’ म्हणून आंदोलन होतं. महापालिका शहराचा विकास आराखडा जाहीर करते तेव्हा हरकती आणि सूचना मागवते. मुदत असते, सुनावणी असते, आणि ज्याच्या घरावरून रस्ता जाणार तो माणूस तिथे येऊन तावातावानं बोलतो. फलकांचा मजकूरही तसाच आधी मांडावा. १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे, आणि त्या त्या प्रभागाच्या कार्यालयात मसुदा महिनाभर लावावा. काळारामाच्या फलकाचा मसुदा पंचवटीत लावावा, शिवाय सत्याग्रही जिथून आले त्या वस्त्यांतही. प्रेसचा नाशिकरोडला, कामगारांच्या युनियनच्या कार्यालयात. मोर्चाचा सुरगाण्याला. पुजाऱ्यांच्या घराण्यातले लोक येऊन म्हणतील की आमची बाजू आली नाही. त्यांची बाजू लिहून घ्यावी, पुरावा मागावा, आणि पुरावा असेल तर तीही दगडावर यावी. कोणाच्या आजीच्या पेटीत अटकेचा कागद निघेल, कोणाकडे कंपनीतल्या चित्रीकरणाचा फोटो. ज्या हरकती मान्य झाल्या नाहीत त्यांची कारणंही वाचनालयात ठेवावीत, पुढच्याला पाहता येतील अशी.

यात फार तर सहा महिने जातील. सिंहस्थाच्या कामांच्या निविदा निघतातच आहेत. एलईडीच्या कमानींआधी हे काम धरलं तर वेळेत होईल. आणि एखाद्या फलकावर एकमत झालंच नाही तर त्यावर दोन्ही बाजू छापाव्यात, खाली सही कोणाची तेही. कखडीच्या शेतासारखं पुढे बदलावं लागलं, तर जुना मजकूर खोडू नये. त्याच्याखाली नवा कोरावा.